प्रकल्प नोंदी: अठरा क्रमांकाची इंटरप्ट लाइन

३ जून

काल रात्री २२:४० च्या सुमारास डेटा-संकलन सर्व्हरकडे येणारा ओघ एकदम आटला. पूर्ण थांबला नाही. सहा गेटवे (उपकरणांचा डेटा आमच्याकडे धाडणारी यंत्रे) मिळून सेकंदाला साधारण ९०,००० यूडीपी पॅकेट (पोच न मागता धाडलेली डेटाची पुडकी) पाठवतात, त्यातली जेमतेम अडीच हजार आत येत होती. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने सर्व्हर रीबूट केला आणि सगळे सुरळीत झाले. गेल्या आठवड्यातही हे दोनदा घडले होते, तेव्हाही रीबूटवरच भागवले होते. आजपासून या कामाची नोंद मी रोज लिहिणार आहे.

यंत्र असे: दोन सॉकेट, प्रत्येकी आठ कोअर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणे) बंद, म्हणजे लिनक्सला १६ सीपीयू दिसतात. दोन पोर्टचे एक गिगाबिट नेटवर्क कार्ड. ईथ० वर गेटवेंचा डेटा येतो. ईथ१ वरून प्रक्रिया झालेला डेटा पुढे जातो आणि आम्ही लॉगइनही त्यावरूनच करतो. यंत्र आधी दुसऱ्या एका गणनाकामाला होते, तिथून ते आमच्याकडे आले. ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही नव्याने बसवली नाही, आहे त्यावरच आमचे सॉफ्टवेअर चढवले.

आज केबल बदलली, स्विचवरचा पोर्ट बदलला. ईथटूलच्या (नेटवर्क कार्ड तपासण्याच्या आज्ञेच्या) आकड्यांत सीआरसीची, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची, एकही चूक नाही, त्यामुळे या दोन्ही बदलांकडून मला फारशी आशा नाही. ईथ१ ला मात्र कधीच काही होत नाही, आणि हे मला सर्वांत बोलके वाटते. कार्ड एक, ड्रायव्हर एक, आणि पडतो तो एकच पोर्ट.

पुन्हा असे झाले तर कोणीही रीबूट करायचा नाही, मला उठवायचे, असे सगळ्यांना सांगून ठेवले आहे. रीबूट केला की पाहण्यासारखे काही उरतच नाही.

४ जून

२२:५२ ला फोन आला. ईथ१ वरून आत शिरलो. यंत्र निवांत होते, लोड नाही, मेमरी भरपूर मोकळी.

शेजारच्या मशीनवरून ईथ० च्या पत्त्यावर पिंग लावला, म्हणजे छोटी पॅकेट पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजला. शंभरातले दोन-तीनच परत आले, आणि जे आले त्यांना ९७ ते १०० मिलिसेकंद लागले. एरवी इथे ०.२ मिलिसेकंद लागतो. मग गेटवेवाल्यांना दहा मिनिटे पाठवणे बंद ठेवायला सांगितले. डेटा थांबताच पिंग शंभराचे शंभर परत येऊ लागले, पण वेळ भलताच: ७, ६१, ९३, १२, ४४, ८८. काही क्रम नाही, कसला कल नाही. तीनशे पिंग घेऊन आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, तर सगळे शून्य आणि शंभर यांच्यामध्ये जवळपास सारखे पसरलेले. शंभराच्या वर एकही नाही.

गर्दीमुळे उशीर झाला असता तर आकडे वरच्या बाजूला मोकळे सुटले असते, एखादा तीनशेवर गेला असता. इथे शंभरावर कुंपण घातल्यासारखे आहे. म्हणजे कोणीतरी दर १०० मिलिसेकंदांनी येऊन कार्डाचा दरवाजा उघडून बघते आहे, आणि मधल्या वेळात कार्डाकडे कोणाचेही लक्ष नाही. कार्ड स्वतः हाक मारत नाही, किंवा मारत असेल तर ती पोचत नाही. (ही हाक म्हणजेच इंटरप्ट: प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणाने दिलेला इशारा.)

प्रॉकमधल्या (लिनक्सची चालू स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) इंटरप्ट्स फाइलचे दोन फोटो दहा सेकंदांच्या अंतराने घेतले आणि वजाबाकी केली. (नुसत्या एका फोटोचा उपयोग नसतो. त्यात बूट झाल्यापासूनची बेरीज असते, आत्ता काय चालले आहे ते फक्त फरकातून कळते.) ईथ१ चा आकडा वाढतो आहे. ईथ० ची १८ क्रमांकाची ओळ जागच्या जागी.

कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग आणि पीसीआय उपकरणांची (बोर्डाला जोडलेल्या कार्डांची आणि चिपांची) तपशीलवार यादी, दोन्ही फाइलीत उतरवून ठेवली. पहाटे १ वाजता रीबूट.

५ जून

लॉग सकाळी शांतपणे वाचला. २२:४९:१७ ला ही ओळ: 'आयआरक्यू १८: नोबडी केअर्ड', म्हणजे १८ क्रमांकाच्या इंटरप्ट लाइनची कोणी दखल घेतली नाही, सोबत 'आयआरक्यूपोल' पर्याय लावून बूट करून पाहा असा सल्ला, खाली त्या लाइनवर नोंदलेल्या हँडलरची (इंटरप्ट आल्यावर धावणाऱ्या ड्रायव्हरच्या भागांची) यादी, आणि शेवटी आयआरक्यू १८ बंद करत असल्याची घोषणा. यादीत हँडलर एकच: आमच्या नेटवर्क कार्डाचा.

कर्नल हे का करते ते इथे सविस्तर लिहितो, कारण आमच्या गटात दोघेजण याला कर्नलचा बग म्हणत होते.

पीसीआयच्या जुन्या पद्धतीत उपकरणाला इंटरप्टसाठी चारच पिना मिळतात, ए, बी, सी आणि डी. बोर्डावर या पिना आयओ-एपिकच्या (इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या चिपच्या) मोजक्या इनपुटांना जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन उपकरणे एकाच लाइनवर येणे ठरलेलेच. लाइन पातळीवर चालते: उपकरणाने ती खाली ओढली की ते स्वतः सोडेपर्यंत ती खालीच राहते. कोणी ओढली हे लाइन सांगत नाही. म्हणून कर्नल त्या लाइनवर नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ओळीने विचारते, 'तुझे आहे का?' ज्याचे असेल तो आपल्या उपकरणाला शांत करतो, लाइन सुटते. सगळ्यांनीच नाही म्हटले तर लाइन तशीच ओढलेली राहते, प्रोसेसर हँडलरमधून बाहेर पडताक्षणी पुन्हा आत खेचला जातो, आणि हे अखंड चालते. त्यावर कर्नलचा बंदोबस्त असा: एक लाख इंटरप्टची मोजणी करायची, त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले तर ती लाइनच बंद करायची. एक लाइन गेली तरी चालेल, यंत्र वाचले पाहिजे. मला यात बग दिसत नाही, शहाणपण दिसते.

लाइन बंद केल्यावरही कर्नल तिला पूर्ण वाऱ्यावर सोडत नाही. एक टायमर लावते, सेकंदाच्या दहाव्या भागाचा. दर १०० मिलिसेकंदांनी बंद लाइनवरच्या हँडलरना एकदा विचारून घेते. कालच्या पिंगचे कुंपण ते हेच.

अडीच हजारांचाही हिशेब लागला. कार्डाच्या रिसीव्ह रिंगमध्ये (आलेली पॅकेट उचलली जाईपर्यंत ठेवण्याच्या जागेत) २५६ खण आहेत. ९०,००० च्या वेगाने ते तीन मिलिसेकंदांत भरतात, उरलेले ९७ मिलिसेकंद येणारे प्रत्येक पॅकेट कार्डच टाकून देते. सेकंदाला दहा वेळा २५६ म्हणजे २,५६०. पिंगही त्याच रिंगेतून जातो, म्हणून शंभरातले दोन-तीनच वाचत होते, आणि जे वाचत ते रिंग रिकामी झाल्याझाल्या आत शिरलेले असत, म्हणून त्यांना पुढच्या फेरीपर्यंत ९७ च्या वर थांबावे लागे. आकडे इतके चपखल बसले की मी दोनदा तपासले.

एक गोष्ट मात्र दुपारपर्यंत खटकत होती. ईथ० चे स्वतःचे खरे इंटरप्टही त्याच लाइनवर येतात. लाखात शंभर जरी खरे निघाले तरी ९९,९०० चा उंबरठा ओलांडला जात नाही. मग लाइन बंद झालीच कशी? उत्तर ड्रायव्हरच्या रचनेत आहे. इंटरप्ट आल्यावर हँडलर कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि पॅकेट उचलण्याचे काम सॉफ्टआयआरक्यूवर (हँडलर आटोपल्यावर उरलेले काम करणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेवर) सोपवतो. ते काम संपले की इंटरप्ट पुन्हा चालू. बेवारस इंटरप्टचा मारा त्याच सीपीयूवर चालू असेल तर सॉफ्टआयआरक्यूला पुढे सरकायला वेळच मिळत नाही. कार्ड मुकेच राहते आणि लाखाची मोजणी जवळजवळ पूर्ण बेवारसांचीच भरते.

इंटरप्टच्या माऱ्याखाली यंत्र राबत असते आणि काम मात्र काहीच पुढे जात नाही, या अवस्थेला जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणून नीट मांडले. त्यांच्यापुढे पॅकेटांचा मारा होता, आमच्याकडे न सुटणाऱ्या लाइनचा आहे. प्रोसेसरचे हाल तेच.

६ जून

लाइन १८ कोण ओढते?

इंटरप्ट्स फाइलमध्ये १८ समोर एकटा ईथ०. पण ती फाइल फक्त ज्यांचे ड्रायव्हर हजर आहेत त्यांचीच नावे दाखवते. ज्याचा ड्रायव्हर नाही ते उपकरण लाइन ओढू शकते, यादीत मात्र येत नाही.

एलएसपीसीआयच्या (पीसीआय उपकरणे दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीतही १८ शोधून दुसरे कोणी सापडले नाही. इथे मी तासभर अडकलो. मग लक्षात आले की ड्रायव्हर नसलेल्या उपकरणासमोर दिसणारा क्रमांक फर्मवेअरने बूटच्या वेळी लिहून ठेवलेला असतो. आयओ-एपिकवरचा खरा क्रमांक ड्रायव्हर उपकरण चालू करतो तेव्हाच ठरतो. म्हणजे क्रमांकाने शोधणे व्यर्थ.

दुसरा मार्ग स्टेटस रजिस्टरचा. पीसीआय २.३ पासून प्रत्येक उपकरणाच्या स्टेटस रजिस्टरमध्ये एक बिट असतो: माझा इंटरप्ट आत्ता बाकी आहे. एलएसपीसीआय तो 'आयएनटीएक्स' पुढे अधिक किंवा उणे चिन्हाने दाखवते. ४ तारखेला रात्री उतरवलेली यादी इथे कामी आली. सगळ्या यंत्रात अधिक चिन्ह दोनच ठिकाणी. एक ईथ०, ते साहजिक, त्याची हाक ऐकायला कोणी नव्हते. दुसरे, दूर-नियंत्रण चिपचा (लांबून यंत्राची स्क्रीन बघू देणाऱ्या चिपचा) एक पीसीआय भाग. त्यासमोर आयआरक्यू १० लिहिलेले, ड्रायव्हर नाही.

त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण मॉड्यूलच्या काळ्या यादीत टाकलेला, म्हणजे आपोआप न चढणारा. हाताने चढवला तसा क्रमांक १० चा १८ झाला, आणि इंटरप्ट्स फाइलमध्ये ईथ० च्या शेजारी दुसरे नाव उगवले. ते पाहून खुर्चीतून उठलो.

आता रात्रीचेच का? रात्रपाळीच्या सहकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, 'पाळी घेतली की मी दूर-कन्सोल उघडून स्क्रीन बघून घेतो, रोज नाही, आठवण राहील तेव्हा.' पाळी २२:३० ला बदलते. कन्सोल उघडला की चिप इंटरप्ट देते, तो घ्यायला कोणी नाही, लाइन खालीच राहते, एक लाख भरायला काही सेकंद पुरतात. त्याला अपराधी वाटू नये म्हणून लिहितो: त्याने काहीही चुकीचे केलेले नाही, कन्सोल बघण्यासाठीच असतो.

ड्रायव्हर उतरवून, दुपारी सगळ्यांसमोर कन्सोल उघडून पाहिला. चार सेकंदांत 'नोबडी केअर्ड'. पुन्हा रीबूट, पुन्हा कन्सोल, पुन्हा तेच.

आयआरक्यूपोलचा सल्ला घ्यायचा का यावर चर्चा झाली. मी विरोध केला. त्या पर्यायात बेवारस इंटरप्ट आला की कर्नल सगळ्या लाइनवरच्या हँडलरना विचारत सुटते, शिवाय टायमरच्या ठोक्यावरही विचारते. यंत्र चालू राहील, पण प्रत्येक हाकेला सगळी आळी उठवल्यासारखे होईल. निदान करताना ठीक आहे, रोजच्या कामाला नाही.

९ जून

मूळ प्रश्न बाकी होता. हे कार्ड एमएसआय-एक्स जाणणारे आहे, मग ते पिनेच्या जुन्या लाइनवर बसलेच का? एमएसआयमध्ये पिना नाहीत. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक छोटे मेमरी-लेखन करते आणि तोच इंटरप्ट असतो. प्रत्येकाचा संदेश वेगळा, त्यामुळे वाटणी नाही, 'तुझे आहे का' ही विचारणा नाही. एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ पर्यंत, एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत व्हेक्टर (स्वतंत्र इंटरप्ट) मिळू शकतात.

कर्नलची बूट ओळ पाहिली. शेवटी दोन पर्याय होते: 'पीसीआय=नोएमएसआय' आणि 'आयआरक्यूअफिनिटी=०'. पहिल्याने सगळ्या यंत्रात एमएसआय बंद. दुसऱ्याने सगळे इंटरप्ट आपोआप सीपीयू ० वर. का लावले, कोणी, कधी, कुठेही लिहिलेले नाही. आधीच्या गटातल्या एकाशी बोलणे झाले. त्याला आठवले ते असे की त्या काळी यंत्रात एक स्टोरेज कार्ड होते, ते एमएसआयवर अडखळायचे. आणि गणनेच्या कामाला बाकीचे पंधरा सीपीयू इंटरप्टच्या त्रासाशिवाय मोकळे हवे होते. दोन्ही कारणे त्या वेळी अगदी योग्य. स्टोरेज कार्ड यंत्रातून कधीच निघून गेले, त्याच्यासाठी लावलेला पर्याय मात्र राहून गेला.

एका वेळी एकच बदल. आज फक्त 'नोएमएसआय' काढला.

बूट झाल्यावर इंटरप्ट्स फाइलमधून १८ ची ओळच नाहीशी. त्याऐवजी प्रत्येक पोर्टसाठी नऊ ओळी, एक लिंकच्या घडामोडींसाठी आणि आठ 'टीएक्सआरएक्स' (पाठवण्या-घेण्याच्या) रांगांच्या. कन्सोल उघडला, मिटला, दहा वेळा. काही नाही. लाइन १८ वर आता कोणीच नोंदलेले नसल्याने ती आयओ-एपिकवर झाकलेलीच असते, चिपने कितीही ओढली तरी प्रोसेसरपर्यंत पोचत नाही. तरीही चिपचा ड्रायव्हर काळ्या यादीतून काढला. उद्या दुसरे एखादे उपकरण या लाइनवर आले तर तेच दुखणे त्याच्या वाट्याला नको.

१० जून

गेटवेंची दुसरी तुकडी आज जोडली. पॅकेट सेकंदाला २,४०,००० च्या आसपास, प्रत्येक साधारण २२० बाइट. पॅकेट पुन्हा गळू लागली, पण आता चित्र वेगळे.

सीपीयू ० सॉफ्टआयआरक्यूमध्ये १०० टक्के, केसॉफ्टआयआरक्यूडी-० (तेच काम करणारी कर्नलची प्रक्रिया) सतत वर, बाकीचे पंधरा जवळपास रिकामे. आठही रांगांचे इंटरप्ट सीपीयू ० च्या रकान्यात. अर्थात, 'आयआरक्यूअफिनिटी=०' अजून आहेच.

सॉफ्टनेट-स्टॅट फाइल बघितली. यातले आकडे सोळाच्या पायातले असतात, नवख्या माणसाने फसू नये. प्रत्येक सीपीयूची एक ओळ, पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकलेल्यांचा, तिसरा काम अर्धवट सोडून उठावे लागल्याचा. कर्नल एका फेरीत एकूण ३०० पॅकेट किंवा साधारण २ मिलिसेकंद यांपैकी जे आधी संपेल तिथे थांबते, एका रांगेकडून एका वेळी ६४. आमचा तिसरा रकाना सीपीयू ० वर धावत होता. दुसरा शून्य. गळती कार्डाच्या रिंगमध्ये, म्हणजे उचलणारा हात अपुरा.

गिगाबिटवर सर्वांत लहान फ्रेम धरल्या तर सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेट येऊ शकतात. त्या मानाने आमचा भार काहीच नाही. पण फायरवॉलचे नियम आणि कनेक्शन-ट्रॅकिंग धरून एका कोअरला तो जड जातो आहे.

११ जून

'आयआरक्यूअफिनिटी' काढला. आधी आयआरक्यूबॅलन्स चालू करून पाहिले. तो दर दहा सेकंदांनी भार बघून इंटरप्ट हलवतो. सर्वसाधारण यंत्राला उत्तम, पण आमचा भार झटक्याझटक्याने येतो आणि रांगा इकडून तिकडे फिरत राहिल्या. थांबवला आणि हाताने वाटणी केली.

ईथ० च्या आठ रांगा सीपीयू ० ते ७ वर बसवल्या, एकीला एक. पहिला सॉकेट इंटरप्टला, दुसरा आमच्या प्रोग्रामला, असा विचार. गळती बरीच कमी झाली, संपली नाही. प्रत्येक पॅकेटमागे लागणारा वेळ अपेक्षेपेक्षा जास्त आहे, आणि सीपीयू १, ३, ५, ७ तेच काम ०, २, ४, ६ पेक्षा स्पष्टपणे कमी वेळात करतात. एकाआड एक. हे काय आहे?

१२ जून

माझे गृहीतकच चुकले होते. सीपीयू ० ते ७ म्हणजे पहिला सॉकेट असे मी न तपासता धरले. या यंत्राचे फर्मवेअर सम क्रमांक एका सॉकेटला आणि विषम दुसऱ्याला देते. सिसमध्ये (प्रॉकसारखेच, उपकरणांची माहिती देणारे) कार्डाच्या फोल्डरात नूमा-नोड ही फाइल आहे, कार्ड कोणत्या सॉकेटजवळ आहे ते सांगणारी; तिच्यात १. लोकल-सीपीयू-लिस्टमध्ये १, ३, ५ असे १५ पर्यंत. कार्डाचा स्लॉट दुसऱ्या सॉकेटला जोडलेला. माझ्या अर्ध्या रांगा शेजारच्या सॉकेटवर बसून प्रत्येक पॅकेटसाठी दोन प्रोसेसरमधला पूल ओलांडत होत्या.

आता आठ रांगा आठ विषम सीपीयूंवर. मास्क (कोणता सीपीयू ते बिटांनी सांगणारे आकडे) सोळाच्या पायात असे: २, ८, २०, ८०, २००, ८००, २०००, ८०००. सम सीपीयूंचा एकत्र मास्क ५५५५ येतो, तो ईथ१ च्या रांगांना. ईथ१ चा भार किरकोळ आहे, त्याने पूल ओलांडला तरी चालेल. आमचा स्वीकारणारा प्रोग्राम आणि त्याची मेमरी दोन्ही नोड १ वर आणली.

एकाआड एक फरक गेला.

१६ जून

गळती आता फक्त शिखरावर, आणि फक्त तीन रांगांत. बाकी पाच रांगांत पॅकेटच नाहीत. कार्ड कोणते पॅकेट कोणत्या रांगेत टाकायचे ते हॅशवरून (पॅकेटच्या पत्त्यांसारख्या तपशिलातून काढलेल्या आकड्यावरून) ठरवते, आणि यूडीपीसाठी आमच्या ड्रायव्हरचा मूळ हॅश फक्त दोन आयपी पत्त्यांवर चालतो. पत्ते मोजकेच, ते तीन रांगांत जाऊन बसले. रांगा आणखी वाढवल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

ईथटूलने यूडीपीच्या हॅशमध्ये दोन्ही (पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा) पोर्ट क्रमांक घातले. ड्रायव्हरने लगेच लॉगमध्ये बजावले की तुकडे झालेली पॅकेट क्रम सोडून पोचू शकतात. इशारा रास्त आहे: मोठ्या पॅकेटचे तुकडे झाले की पोर्ट क्रमांक पहिल्याच तुकड्यात असतो, त्यामुळे तुकडे झालेली पॅकेट पत्त्यांच्या हॅशने एका रांगेत जातात आणि त्याच प्रवाहातली अखंड पॅकेट दुसऱ्या. ज्यांची पॅकेट १५०० बाइटच्या पुढे जातात त्यांनी हा बदल डोळे मिटून करू नये. आमची २२० ची आहेत. तरी तासभर पकडून तपासले, तुकडा एकही नाही.

प्रत्येक उपकरणाचा गेटवेवरचा पोर्ट वेगळा असल्याने आठही रांगा भरू लागल्या. सर्वांत जड रांग १४ टक्के, सर्वांत हलकी ११. शिखरावर गळती शून्य.

हे एवढे सोपे असेल असे वाटले नव्हते.

१७ जून

रिंग २५६ वरून १०२४. इंटरप्ट एकवटण्याचा (जरा थांबून अनेक पॅकेटांसाठी एकच इंटरप्ट देण्याचा) अवधी ५० मायक्रोसेकंद ठेवला; इंटरप्टची संख्या उतरली, पिंग किंचित वाढला, आम्हाला चालतो.

१९ जून

मुद्दाम पूर्ण वीज काढून रीबूटची चाचणी. बरे झाले केली.

इंटरप्ट क्रमांक बदलले. माझी स्क्रिप्ट क्रमांकांवर लिहिलेली होती, तिने ईथ० च्या चार रांगा सोडून यूएसबी आणि सीरियल पोर्टचे इंटरप्ट मोठ्या निष्ठेने विषम सीपीयूंवर नेऊन बसवले. त्यात भर म्हणजे आयआरक्यूबॅलन्स. ११ तारखेला मी तो थांबवला होता, बूटच्या यादीतून काढला नव्हता. स्क्रिप्टने जे बसवले ते त्याने दहा सेकंदांत हलवले.

नवी स्क्रिप्ट इंटरप्ट्स फाइलमध्ये 'ईथ०-टीएक्सआरएक्स' हे नाव शोधते, समोरचा क्रमांक घेते, मास्क लिहिते, मग पुन्हा वाचून तोच आहे का बघते. कार्डाचा नूमा-नोडही सिसमधून वाचते, सम-विषम गृहीत धरत नाही. रांगांची संख्या आठ नसेल तर काहीही न करता ओरडते. आयआरक्यूबॅलन्स कायमचा बंद. हॅशचा बदल, रिंग आणि एकवटण्याचा अवधी हे तिन्ही रीबूटनंतर मूळपदावर जातात, त्यांच्या आज्ञाही त्याच स्क्रिप्टमध्ये.

तीन रीबूट सलग. तिन्ही वेळा सगळे जागेवर.

२३ जून

चार दिवस पूर्ण भार. कार्डाच्या गळतीचे आकडे, सॉफ्टनेट-स्टॅटचा दुसरा रकाना, यूडीपीच्या सॉकेट बफरच्या चुका, तिन्ही शून्य. ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळी आहेत आणि तिन्ही बघावी लागतात. पहिला आकडा वाढला तर इंटरप्ट आणि रांगांकडे जायचे, दुसरा वाढला तर कर्नलच्या आतल्या अनुशेषाकडे, तिसरा वाढला तर आपल्याच प्रोग्रामकडे.

बूट ओळीच्या फाइलमध्ये टिप्पणी घातली: कोणते दोन पर्याय काढले, ते मुळात का होते, कोणत्या दिवशी काढले, आणि एमएसआयवर अडखळणारे कार्ड पुन्हा बसवायचे झाले तर सगळ्या यंत्राचे एमएसआय बंद न करता फक्त त्या उपकरणापुरते कसे बंद करायचे. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे कारण आहे. चिपच्या ड्रायव्हरची नोंद काळ्या यादीतून मी पुसून टाकली नाही, निष्क्रिय करून खाली सहा ओळी लिहिल्या.

२२:३५ ला रात्रपाळीच्या सहकाऱ्याला फोन केला आणि दूर-कन्सोल उघडायला सांगितले. तो म्हणाला, 'हल्ली मी हातच लावत नाही त्याला.' म्हटले, उघड, आणि रोज उघडत जा. त्याने उघडला. मी पिंग लावून बसलो होतो. ०.२१, ०.१९, ०.२२, ०.२०. चिपच्या ड्रायव्हरसमोरचा १८ चा आकडा तीनने वाढला आणि थांबला. अर्ध्या तासाने कन्सोल मिटवून तो घरच्या गोष्टी बोलू लागला.